बंदरांनी दार बंद केलं म्हणून कंगाल झालेला कॅप्टन एकट्याने जगाला फेरी मारून आला

क्वारंटाइन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना २०२० मध्ये कळला. समुद्रावर पोट असणाऱ्यांना मात्र तो कित्येक शतकांपासून माहीत आहे. १८८७ च्या जानेवारीत एका अमेरिकन कॅप्टनचं जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं. जहाजात वाळक्या गवताचे गठ्ठे भरलेले होते, सोबत बायको आणि दोन मुलं होती. तरीही त्यांना आत घेतलं नाही. तिथून त्या कॅप्टनचं नशीब जे फिरलं, ते वर्ष संपता संपता जहाज हातचं जाईपर्यंत.

हा कॅप्टन म्हणजे जोशुआ स्लोकम. एकट्याने, शिडाच्या छोट्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. त्याच्या वादळांच्या आणि चाच्यांच्या गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात. पण त्याच्या आयुष्याची दिशा बदलली ती बंदरावरच्या नियमांनी आणि कागदांनी. आज परदेशी यॉट घेऊन उष्ण कटिबंधातल्या बेटांवर जाणाऱ्या लोकांना जे सोपस्कार करावे लागतात, त्यांची मुळं या गोष्टीत सापडतात.

शेतकऱ्याचा मुलगा, जहाजाचा कॅप्टन

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. लहानपणीच तो घर सोडून समुद्रावर गेला, खलाशाचा अधिकारी झाला, अधिकाऱ्याचा कॅप्टन झाला आणि अमेरिकेचा नागरिकही झाला. १८७१ मध्ये सिडनीत त्याने व्हर्जिनिया वॉकरशी लग्न केलं. ती त्याच्यासोबत जहाजावरच राहायची, मुलंही जहाजावरच वाढली.

१८८४ मध्ये ब्युनोस आयर्सला व्हर्जिनिया वारली. दोन वर्षांनी स्लोकमने हेटीशी दुसरं लग्न केलं आणि ‘अक्विडनेक’ या स्वतःच्या जहाजावर मालवाहतूक सुरू ठेवली. तो काळ वाफेच्या बोटींचा होता. शिडाच्या जहाजांना भाडं कमी मिळायचं. एखादी फेरी फसली की वर्षभराची कमाई बुडायची.

गवत घेऊन आला आणि परत गेला

तर झालं असं की, १८८६ च्या अखेरीस स्लोकमने अर्जेंटिनाच्या रोझारिओ बंदरातून गवत भरलं. माल रिओ दि जानेरोला उतरवायचा होता. त्याच सुमारास अर्जेंटिनात कॉलऱ्याची साथ पसरली आणि ब्राझीलने अर्जेंटिनाहून येणाऱ्या जहाजांना बंदी केली. ‘अक्विडनेक’ इल्या ग्रांदे इथल्या क्वारंटाइन ठाण्यावर पोहोचलं, तेव्हा त्याला आल्या पावली परत जायला सांगितलं गेलं.

इथे थोडं थांबून त्या काळची पद्धत समजून घेऊ. जहाज बंदर सोडताना तिथल्या अधिकाऱ्यांकडून क्लिअरन्स घ्यायचं, म्हणजे सगळी देणी फेडून निघाल्याचा कागद. सोबत बिल ऑफ हेल्थ, म्हणजे निघालेल्या बंदरात कुठली साथ आहे किंवा नाही याचा दाखला. पुढच्या बंदरात पोहोचल्यावर आधी आरोग्य अधिकारी हे कागद बघणार. त्याचं समाधान झालं तर प्रॅटिक मिळणार, म्हणजे किनाऱ्याशी संबंध ठेवायची परवानगी. त्यानंतर कस्टम्सवाले माल तपासणार. प्रॅटिक मिळेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही, कुणाला वर घ्यायचं नाही.

या पद्धतीत जहाजावरची माणसं ठणठणीत आहेत की नाही, याआधी जहाज कुठून आलं हे बघितलं जायचं. स्लोकमचं जहाज चुकीच्या ठिकाणाहून आलं होतं. गवत तसंच घेऊन तो अर्जेंटिनाला परतला. ब्राझीलने एप्रिलमध्ये बंदरं उघडली, तेव्हा तोच माल घेऊन तो पुन्हा निघाला आणि मे महिन्यात रिओला पोहोचला. मधल्या काळात जुने खलाशी पांगले होते. नव्याने घेतलेल्यांपैकी काही जणांनी जुलैमध्ये जहाजावर हल्ला केला. स्लोकमने गोळी झाडली, एक जण मेला. खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

संकट तेवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या खलाशांपैकी काहींना देवी निघाल्या. मदतीसाठी गेलेल्या जहाजाला बंदरातून पुढे जायला सांगण्यात आलं. अखेर उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत आसरा मिळाला, पण तोपर्यंत काही खलाशी दगावले होते. उपचार आणि जहाजाच्या निर्जंतुकीकरणाचा मोठा खर्च स्लोकमच्या अंगावर आला. डिसेंबर १८८७ मध्ये पारानाग्वाच्या उपसागरात लाकडाने भरलेलं ‘अक्विडनेक’ वाळूच्या दांड्यावर रुतून मोडलं. विमा नव्हता.

बंदरांची बाजूही समजण्यासारखी होती. कॉलरा आणि देवी यांनी त्या काळी शहरंच्या शहरं हादरत. जहाज अडवणं हा साथ रोखायचा हाताशी असलेला उपाय होता. पण त्याची किंमत एकट्या जहाजमालकाने भरायची, अशी ती व्यवस्था होती.

मासेमारीच्या परवान्यावर अमेरिका

खिशात पैसे नाहीत, परक्या देशात बायको-मुलं सोबत आहेत. दुसरा कुणी असता तर वकिलातीकडे परतीचं तिकीट मागितलं असतं. स्लोकमने मोडक्या जहाजाचं सामान आणि तिथलं लाकूड वापरून ३५ फुटांची होडी बांधली. ती १३ मे १८८८ ला पाण्यात उतरली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली तोच हा दिवस, म्हणून होडीचं नाव ‘लिबरडाडे’, म्हणजे स्वातंत्र्य.

आता प्रश्न कागदांचा. घरी बांधलेली ही होडी कुठल्या रकान्यात बसवायची? तिला परदेशी जाण्याचं क्लिअरन्स मिळेना. शेवटी खाडीच्या आत आणि बाहेर मासे पकडण्याचा परवाना मिळाला. बाहेर म्हणजे किती बाहेर, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. स्लोकमने बायको आणि दोन मुलांना घेऊन त्या होडीतून साडेपाच हजार मैल पार केले आणि १८८८ चं वर्ष सरताना तो वॉशिंग्टनला पोहोचला.

अंगणातली होडी

१८९२ मध्ये एका ओळखीच्या कॅप्टनने त्याला मॅसॅच्युसेट्सच्या फेअरहेवन गावात एक होडी देऊ केली. ती बघितल्यावर चेष्टा लक्षात आली. शेतात टेकू लावून ठेवलेलं ते जुनं कुजकं गलबत होतं. स्लोकमने ती चेष्टा मनावर घेतली. १३ महिने राबून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्याने ‘स्प्रे’ नव्याने उभी केली. लांबी ३६ फूट ९ इंच.

२४ एप्रिल १८९५ ला, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो बोस्टनहून एकटाच निघाला. पुढे शतकाहून जास्त काळानंतर, २००९-१० मध्ये, दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून मुंबईहून निघून अशीच एकट्याने प्रदक्षिणा केली आणि ते असं करणारे पहिले भारतीय ठरले. त्या सगळ्या परंपरेची सुरुवात या ‘स्प्रे’पासून होते.

या वेळी त्याच्याकडे विकायला मोठा माल नव्हता आणि आजारी पडायला खलाशीही नव्हते. होता तो अमेरिकन सरकारचा, होडी चालवण्याचा परवाना. परदेशी बंदरात पोहोचलं की हा कागद अमेरिकन वकिलातीत जमा करायचा आणि निघताना परत घ्यायचा. ज्या व्यवस्थेने त्याला एकदा बुडवलं, त्याच व्यवस्थेतून आता तो दर बंदराला सुटसुटीत बाहेर पडत होता.

जिब्राल्टर, ब्राझील, मॅगेलनची सामुद्रधुनी, सामोआ, ऑस्ट्रेलिया असा तो जात राहिला. बहुतेक ठिकाणी बंदराचा कर कुणी मागितलाच नाही. मेलबर्नला मात्र कस्टम्सने गाठलं. टनाला ६ पेन्स असा दर होता आणि ‘स्प्रे’चं वजनमाप पावणेतेरा टनांच्या आतलं. अधिकाऱ्याने पूर्ण १३ टन धरले आणि साडेसहा शिलिंग वसूल केले. स्लोकमने वरचा अपूर्णांक विसरला नाही. होडी बघायला येणाऱ्यांकडून त्याने माणशी ६ पेन्स घ्यायला सुरुवात केली. गर्दी ओसरल्यावर एक शार्क पकडला आणि तो दाखवायचेही ६ पेन्स लावले.

हिंदी महासागरात कोकोस बेटं, रॉड्रिग्ज आणि मॉरिशस करत तो दक्षिण आफ्रिकेला पोहोचला. तिथे ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांची भेट झाली. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या क्रूगर यांना जगाभोवतीचा प्रवास हे शब्दच मान्य नव्हते. केपटाउनच्या अमेरिकन वकिलाने मात्र परवान्यावर या प्रवासाची नोंद करून दिली.

बकरीने नकाशा खाल्ला

परतीच्या वाटेवर सेंट हेलेना बेटावर कुणीतरी त्याला एक बकरी भेट दिली. ती होडीवर सुटली आणि तिने दोरखंडांसोबत वेस्ट इंडीजचा नकाशाही खाल्ला. असेन्शन बेटावर बकरीला उतरवलं. तिथेच स्लोकमने होडीची तपासणी करून घेतली आणि होडीवर आपण एकटेच असल्याचा दाखला घेतला. पुढे कुणी शंका काढली तर तोंडी सांगून भागणार नाही, हे तो अनुभवाने शिकला होता.

नकाशा नसल्याचा फटका डॉमिनिका बेटावर बसला. रोझो बंदरात त्याने नांगर टाकला तो नेमका क्वारंटाइनच्या जागी. बंदर दोन्हीकडे रिकामं होतं, कुणाची अडचण होत नव्हती. तरी बंदराच्या माणसाने दंडाची धमकी दिली आणि होडी हलवायला लावली. स्लोकमला नकाशा हवा होता, पण होडी हलवल्याशिवाय काहीही मिळणार नाही असं उत्तर आलं.

जून १८९८ मध्ये अँटिग्वाच्या अमेरिकन वकिलाने परवान्यावर शेवटची नोंद केली आणि तो स्लोकमच्या हाती दिला. २७ जूनला ‘स्प्रे’ न्यूपोर्टला पोहोचली. स्पेनशी युद्ध सुरू असल्याने बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरलेले होते. त्यातूनही तो सुखरूप आत आला. तीन वर्षं दोन महिने, ४६ हजार मैल. तो परवाना पुढे वॉशिंग्टनला अमेरिकेच्या अर्थखात्यात जमा झाला.

आज काय बदललं?

आज परदेशी यॉट एखाद्या देशात शिरते तेव्हा पिवळा झेंडा लावते. अर्थ असा, की होडीवर सगळे निरोगी आहेत, प्रॅटिक द्या. अधिकृत प्रवेश बंदरातच जावं लागतं, मध्येच एखाद्या सुंदर किनाऱ्यावर नांगर टाकता येत नाही. आधीच्या देशाचं क्लिअरन्स, होडीच्या नोंदणीचे कागद, सगळ्यांचे पासपोर्ट आणि माणसांची यादी लागते. होडी ही कस्टम्सच्या दृष्टीने मालच असते. त्यामुळे ठरावीक मुदतीपुरती ती बिनशुल्क राहू शकते, तिथे विकली तर शुल्क भरावं लागतं.

स्लोकम ज्या ऑस्ट्रेलियात सहज शिरला, तिथे आता पोहोचण्याच्या किमान १२ तास आधी कळवावं लागतं आणि व्हिसा आधीच हातात असावा लागतो. ताजी फळं, मांस, प्राणी यांची कडक तपासणी होते. स्लोकमच्या बकरीला आज तिथे कुणी सुखासुखी उतरू दिलं नसतं.

शेवटचा कागद

प्रवासाच्या पुस्तकाने स्लोकमला जगभर नाव मिळवून दिलं. शेवटची वर्षं तेवढी उजळ नव्हती. १९०६ मध्ये न्यू जर्सीत एका मुलीशी गैरवर्तन केल्याच्या प्रकरणात त्याला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. तरी हिवाळा आला की ‘स्प्रे’ घेऊन दक्षिणेच्या उबदार बेटांकडे जाणं त्याने सोडलं नाही.

१९०९ च्या नोव्हेंबरमध्ये तो मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरून पुन्हा निघाला. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीकडे जायचा बेत होता. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. १९२४ मध्ये न्यायालयाने त्याला कायद्याने मृत घोषित केलं. ज्या माणसाने दर बंदरात आपल्या येण्याजाण्याची नोंद करून घेतली, त्याच्या शेवटच्या प्रवासाची पोचपावती कुठल्याच बंदराकडे नाही.