भिंतीवरचे फोटो आणि बाबूराव पेंटर

रौप्यमहोत्सवाच्या मीटिंगमध्ये ठरलं, की सभासदांच्या घरातल्या जुन्या फोटोंचं एक छोटं प्रदर्शन हॉलमध्ये भरवायचं. मी चित्रकला शिक्षक म्हणून नोकरी केलेली, तेव्हा ते काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. चाळीसभर फोटो जमा झाले. बहुतेक माळ्यावरून उतरवलेले, काचेवर बोटभर धूळ. एक-दोघांनी तर स्पष्टच सांगून टाकलं, की प्रदर्शन झालं की परत द्यायची काही गरज नाही, घरात रंगकाम काढलंय, भिंती मोकळ्याच बऱ्या दिसतात. त्या वेळी मी काही बोललो नाही. जे बोलायचं राहिलं, ते इथं लिहितो.

फोटो पुसता पुसता एक गोष्ट ध्यानात आली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बहुतेक फोटोंत माणसांच्या मागे रंगवलेला पडदा आहे. कुठं खांब आणि कमान, कुठं तळं, कुठं बागेतला कठडा. शेतात राबणारा आजा त्या राजवाड्यापुढं कोट घालून ताठ बसलाय. हे पडदे बघितले की मला आपल्या कोल्हापूरचा एकच माणूस आठवतो, बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 चा, कोल्हापूरचाच. घराणं कारागिरांचं. वडिलांच्या हातात लाकूड, धातू, कोरीवकाम असं सगळंच होतं. शाळा थोडकीच झाली. चित्रकलेच्या कुठल्या कॉलेजात ते गेले नाहीत, बघून बघून आणि हात चालवून शिकले. चुलतभाऊ आनंदराव जोडीला. दोघं मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर रस्ता असा काढायचे, की बघणाऱ्याला आत चालत जावंसं वाटावं. 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतात पडद्यांसाठी या दोघांचं नाव आघाडीवर होतं. लोकांनी मेस्त्री आडनाव विसरून पेंटर हेच कायमचं करून टाकलं.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा घ्यायची ऐपत नव्हती. मग आपणच करू म्हणून आनंदराव कामाला लागले. पण 1916 मध्ये ते गेले. दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. पैशाचा प्रश्न गायिका तानीबाई कागलकरांनी सोडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', 1920 चा. पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नव्हती, पुरुषानं ते काम केलं होतं. इथं गुलाबबाई आणि अनसूयाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा उतरला, की थिएटरात बायका घाबरल्या आणि तो भाग काढावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. ज्या माणसानं पडदे रंगवून पोट भरलं, त्यानंच सिनेमातून रंगवलेला पडदा बाजूला काढला. नाटकासारखं कापड टांगण्याऐवजी त्यांनी खऱ्या भिंतींचे, खऱ्या खोलीचे सेट उभे केले. शूटिंगच्या आधी पोशाख आणि माणसांच्या हालचाली कागदावर काढून ठेवायचे. 'सिंहगड' मध्ये, 1923 साली, कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरला. उजेड कुठून पडतो, त्यावर चेहरा काय बोलणार हे ठरतं, हे चित्रकाराला पक्कं ठाऊक होतं.

जगात इतरत्रही त्या काळात फोटोवाल्यांचं हेच चाललं होतं, बरं का. फोटो ही कला की नुसतं यंत्राचं काम, असा वाद युरोप-अमेरिकेत जोरात होता. एक गट म्हणायचा, फोटो चित्रासारखा दिसला पाहिजे. मग मऊ फोकस, धुकं, निगेटिव्हवर हातानं काम असं सगळं करायचे. न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी 1902 मध्ये अशा मंडळींची संघटना काढली. आणि गंमत अशी, की 1917 मध्ये त्याच स्टीग्लिट्झांनी आपल्या त्रैमासिकाचा शेवटचा अंक पॉल स्ट्रँड या तरुणाला वाहिला. त्यात रस्त्यावरची साधी माणसं होती, एक आंधळी बाई होती. धुकं नाही, सजावट नाही. जसं आहे तसं, समोरासमोर.

बाबूरावांनी स्ट्रँडचे फोटो बघितले होते असं माझं म्हणणं नाही. पण 1925 मध्ये त्यांनी जे केलं ते त्याच वाटेवरचं होतं. देवादिकांचे आणि इतिहासाचे चित्रपट धो धो चालत असताना त्यांनी 'सावकारी पाश' काढला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीत मजुरीला जातो. शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं. अंधुक उजेडातली ती झोपडी आणि बाहेर केकाटणारं कुत्रं बघणाऱ्यांच्या मनातून कधी गेलं नाही. अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी मजुरांच्या छावणीतल्या आईचा जगप्रसिद्ध फोटो काढला तो 1936 सालचा. आपल्या कोल्हापुरात गरिबाचा चेहरा त्याच्या अकरा वर्षं आधी पडद्यावर आला होता. तिकीट खिडकीवर मात्र तो चालला नाही. लोकांना आपलीच परिस्थिती बघायला पैसे द्यायचे नव्हते.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही हाताखाली तयार झालेली मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी 'प्रभात' काढली. कंपनी हळूहळू थांबली. बोलपटांच्या काळात 'उषा', 'प्रतिभा' असे काही चित्रपट बाबूरावांनी केले, 1936 मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा बोलता केला. पण मन ब्रशात आणि मातीत परत रमलं. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांचाच, 1945 सालचा. रोज त्याच्यासमोरून आपण रिक्षानं जातो. 16 जानेवारी 1954 ला ते गेले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं शिल्प आहे, ते त्यांच्या आठवणीचं.

आता दुःखाची गोष्ट. त्यांच्या मूकपटांपैकी जवळजवळ काही उरलेलं नाही. त्या वेळची फिल्म पटकन पेट घेणारी, नाहीतर डब्यात पडून आपोआप कुजणारी. मूळचा 'सावकारी पाश' आज तुम्हा-आम्हाला बघता येत नाही. राहिलेत ते थोडे फोटो. तो शेतकरी कसा बसला होता, उजेड कुठून होता, हे आता त्या फोटोंवरूनच वाचायचं.

म्हणून फोटो टाकून देऊ नका, एवढंच सांगायचं होतं. आणि हे मी शहाणपणानं सांगत नाही, चूक करून सांगतोय. माझ्या आजीचा एकच फोटो घरात होता, पिवळा पडलेला. दहा वर्षांपूर्वी मी तो साफ करून मोठा करायला दिला. परत आला तेव्हा मागचा पडदा गायब, तिथं निळं आकाश. कपाळावरच्या आठ्या गायब. आणि मांडीवरचे हात कापून फोटो छातीपर्यंत केलेला. मूळ प्रत मागितली तर ती सापडेना. आजीनं जन्मभर भाकऱ्या थापल्या, तिच्या हातांवर चटक्यांचे डाग होते. ते हात आता कुठंच नाहीत. जुने फोटोवालेसुद्धा निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायचे, मान्य आहे. पण ते हात ठेवायचे.

प्रदर्शनात फोटो बघाल तेव्हा नुसतं कुणाचा कोण एवढंच बघू नका. उजेड कुठल्या बाजूनं आहे ते बघा. हात काय करतायत ते बघा. कोण खुर्चीवर आहे आणि कोण मागे उभं आहे, बाई उभी आहे का बसलेली, ते बघा. मागचा राजवाडा खोटा आहे, पण त्यासमोर ताठ बसायची हौस खरी आहे. त्या दिवसासाठी त्यानं कोट कुणाचा मागून आणला असेल, तेही मनात आणा.

आणि प्रदर्शन संपल्यावर आपापला फोटो घेऊन जा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. नाव सांगणारं माणूस घरात आहे तोवरच ते लिहून होतं. ज्यांना फोटो नकोच आहेत, त्यांचे मी माझ्याकडे ठेवतोय. पण सुवर्णमहोत्सवाला तुमची नातवंडं मागायला येतील, तेव्हा नाव तुम्हीच लिहिलेलं असू द्या.