सर अल्बर्ट हॉवर्ड

इंग्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात १८७३ साली जन्मलेले अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. स्वतः पीक घेतल्यावाचून शेतकऱ्याला सल्ला देणे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी तेथे जमीन मिळवून शेती केली. आसपासचे शेतकरी आणि पिकावरची कीड या दोघांनाही त्यांनी आपले शिक्षक मानले.

पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाचे सुधारित वाण तयार केले. परंतु चांगल्या वाणालाही कसदार जमीन हवी, आणि शेण तर चुलीत जळत होते. १९२४ पासून इंदूर येथील संस्थेचे संचालक असताना त्यांनी यावर उपाय शोधला. कापसाच्या टणक पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घ्यायच्या. मग पालापाचोळा, थोडे शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांसह त्यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओलावा राखायचा, ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा. खरे काम करतात ते बुरशी आणि जिवाणू! ढीग तापतो आणि सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात ही ‘इंदूर पद्धत’ १९३१ साली प्रसिद्ध झाली.

मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचे महत्त्वही त्यांनी आग्रहाने मांडले. ही बुरशी मातीतील स्फुरद पिकाला मिळवून देते, हे आज सर्वमान्य आहे. त्यांचा रासायनिक खतांना असलेला सरसकट विरोध मात्र अनेक शास्त्रज्ञांना एकांगी वाटला. तो त्यांनी १९४७ मध्ये निधन होईपर्यंत सोडला नाही.