बोर्डिंगातील विद्यार्थी ते वसतिगृहांचे जनक : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्यातून एखादा मुलगा शिक्षणासाठी घराबाहेर पडतो, तेव्हा वसतिगृह हेच त्याचे दुसरे घर होते. या दुसऱ्या घराचे मोल ज्यांनी महाराष्ट्राला पटवून दिले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांना मात्र स्वतःच्या विद्यार्थिदशेत अशाच एका घरातून बाहेर पडावे लागले होते. त्यांच्या जीवनातील हा प्रसंग आजही अंतर्मुख करणारा आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले व दिगंबर जैन बोर्डिंगात राहू लागले.

राजर्षी शाहू महाराजांच्या त्या नगरीत तरुण मनाला ओढणाऱ्या गोष्टी दोन, नाटक आणि तालीम. भाऊरावांचा ओढा तालमीकडे. सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका, कुस्ती आणि पोहणे, अन् मधल्या वेळेत शाळा, असा त्यांचा दिनक्रम असे. शरीर कमावले गेले, पण अभ्यास मागे पडला. गणिताशी तर त्यांचे कधीच जमले नाही. खुद्द महाराजांनी शब्द टाकूनही गणिताच्या शिक्षकांनी त्यांना वरच्या वर्गात घालण्यास ठाम नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही.

बोर्डिंगात शिस्त कडक होती. तेथील कारभारात अण्णासाहेब लठ्ठे यांचा शब्द प्रमाण मानला जाई. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात उभारलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी स्नान नाकारले आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे महाराजांच्या आश्रयाने त्यांची राहण्याची सोय झाली.

या घटनेचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. 1914 साली कोल्हापुरात इंग्रज बादशहाच्या पुतळ्यास डांबर फासले गेले आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. जुना राग उगवण्याची ही संधी होती. भाऊरावांनी ती नाकारली, तुरुंगवास पत्करला. छळ असह्य होऊन त्यांनी प्राणत्यागाचाही प्रयत्न केला, परंतु असत्य मुखातून येऊ दिले नाही. क्षमा आणि सत्य या दोन व्रतांची याहून कठीण परीक्षा कोणती असणार?

बाहेर घालवले गेल्याची ती वेदना कडवट झाली नाही, तिचे कार्य झाले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली साताऱ्यास त्यांनी असे वसतिगृह उघडले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीत जेवत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. येथील विद्यार्थी शाळेबरोबरच शेतात राबत, दगड फोडीत आणि आपल्या शिक्षणाचा खर्च स्वकष्टाने उचलीत. अभ्यास आणि अंगमेहनत यांचा जो मेळ भाऊरावांना स्वतःला साधता आला नव्हता, तो त्यांनी हजारो मुलांना साधून दिला. मुलांच्या अन्नासाठी पत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या निवर्तल्या.

1959 साली पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट्. या सन्मानांनी गौरविले गेलेले कर्मवीर त्याच वर्षी 9 मे रोजी अनंतात विलीन झाले.

समाजासाठी संस्था उभारणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु तिच्या पंगतीत कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हे प्रत्येक पिढीने स्वतःस विचारले पाहिजे. कर्मवीरांच्या स्मृतीस हेच खरे अभिवादन ठरेल.