कवळाण्याचा गोपाळ, बडोद्याचे सयाजीराव

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेल्या गोपाळला बाराव्या वर्षापर्यंत धड अक्षरओळख नव्हती. १८७५ मध्ये तो बडोद्याच्या गादीला दत्तक गेला, सयाजीराव झाला, अन् तिथंच त्याचं शिक्षण सुरू झालं. पुढं कारभार हाती आल्यावर महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं; १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९३९ मध्ये महाराज गेले. गोपाळला शाळा मिळाली ती नशिबानं. रयतेच्या पोरांना ती कायद्यानं मिळाली. आपल्या गल्लीतलं एखादं पोर शाळेबाहेर दिसलं, तर तो गोपाळच समजा.