कॅरोलच्या आईची चार वर्षे

आमची नात दीड वर्षाची झाली तरी मागून हाक मारली की वळून बघत नसे. सूनबाईच्या लक्षात ते केव्हाच आले होते. आम्हा वडीलधाऱ्यांचे मात्र एकच पालुपद, की हिचा बापसुद्धा उशिराच बोलला, उगाच डॉक्टरांचे उंबरे झिजवू नका. त्यात सर्वांत पुढे मी होतो. शेवटी कोणाचेही न ऐकता ती मुलीला घेऊन गेली. ‘बेरा’ची तपासणी झाली आणि कानांना यंत्रे बसली. त्या रात्री मी कपाटातून पर्ल बकचे एक लहानसे पुस्तक काढले, ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू’. बँकेत असताना बदलीच्या गावी वाचले होते, तेव्हा ते एका थोर लेखिकेचे दुःख वाटले होते. या वेळी त्यातले धीर देणारे शेजारीपाजारी मला फार ओळखीचे वाटले.

पर्ल बक आपल्याला ठाऊक आहे ती ‘द गुड अर्थ’मुळे. जन्म १८९२चा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचा. पण आईवडील मिशनरी, त्यामुळे बालपण चीनमध्ये गेले. १९१७ साली तिने जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी लग्न केले आणि ४ मार्च १९२० रोजी कॅरोल जन्माला आली. पोर इतकी देखणी, की बघणारे तिच्या शहाण्या डोळ्यांचे कौतुक करीत. बाळंतपणानंतर पर्लच्या गर्भाशयात गाठ सापडली, शस्त्रक्रिया झाली. म्हणजे पोटची ही एकुलती एकच.

महिने उलटत गेले. अंगावर पुरळ होते, अंगाला एक विचित्र कुबट वास येई. बोलण्याचा पत्ता नव्हता. पर्लने मैत्रिणींना विचारले, आणि सगळ्यांनी सांगितले ते आपल्याकडेही सांगतात तेच. काही मुले उशिरा बोलतात. यात कोणी खोटे बोलत नव्हते, माया होती म्हणूनच बोलत होते. मायेचे हे बोलणे ऐकत पोर चार वर्षांची झाली. मग कधीतरी एका अमेरिकन बालरोगतज्ज्ञाचे व्याख्यान झाले. शाळेत जाण्यापूर्वीच्या मुलांत काय काय बघावे, हे ती डॉक्टर सांगत होती. पर्ल ऐकत राहिली आणि तिला एकेक खूण पटत गेली.

अमेरिकेत तिने दवाखान्यामागून दवाखाने पालथे घातले. शेवटी मिनेसोटातले मेयो क्लिनिक. तिथल्या डॉक्टरांनी शरीर ठणठणीत असल्याचे सांगितले. बुद्धी का वाढत नाही याचे कारण त्यांना माहीत नव्हते, पण आशेचा दोरही त्यांनी कापला नाही. ती बाहेर पडत असताना एक लहानखुरा, परदेशी वळणाने इंग्रजी बोलणारा डॉक्टर तिला एका बाजूला घेऊन गेला. ही मुलगी कधीच सुधारणार नाही, हिच्यापायी स्वतःला आणि संसाराला संपवू नका, असे त्याने तोंडावर सांगितले. मला तो माणूस पहिल्या वाचनात निर्दय वाटला होता. पर्ल मात्र जन्मभर त्याची ऋणी राहिली.

तरी आईच ती. तिने स्वतः शिकवायला घेतले. कॅरोल थोडे वाचू लागली. एकदा अक्षर गिरवून घेण्यासाठी पर्लने तिचा हात हातात धरला, तर तळवा घामाने थबथबलेला. मूठ उघडून बघितली आणि तिला कळले, की या पोरीला अक्षराशी काही देणेघेणे नाही, केवळ आईला बरे वाटावे म्हणून ती जिवाचा आटापिटा करते आहे. पर्लने पुस्तके उचलून ठेवली ती कायमचीच. या प्रसंगाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

१९२९ साली तिने नऊ वर्षांच्या कॅरोलला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या शाळेत ठेवले. तिथली फी तिच्या ऐपतीबाहेरची होती. तिने दोन हजार डॉलर कर्ज काढले. मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, पण परतफेडीसाठी कादंबरी लिहीन असे तारण कोणी दाखवले असते तर मी सही केली नसती. १९३१ साली ‘द गुड अर्थ’ आली, पुढच्या वर्षी पुलित्झर, १९३८ साली नोबेल. कॅरोलच्या जन्मभराची सोय झाली. त्या कादंबरीत वांग लुंगची एक मतिमंद मुलगी आहे, आणि आपल्यामागे हिचे कसे होणार या घोराने तो म्हातारा झुरतो. ती कुठून आली हे वाचकांना तेव्हा माहीत नव्हते. कॅरोलबद्दल पर्ल उघडपणे लिहायला धजली ती १९५० साली.

आता त्या कुबट वासाकडे येतो. १९३४ साली नॉर्वेतल्या एका आईनेही आपल्या दोन मुलांच्या बाबतीत हाच वास हेरला होता. अनेक डॉक्टरांनी वाटेला लावल्यावर ती आस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे गेली. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले तर रंग हिरवा झाला. प्रथिनांतला फेनिलअॅलनिन हा घटक या मुलांच्या शरीराला पचत नाही, तो साठत जातो आणि मेंदूचा घात करतो. या विकाराला पुढे फेनिलकीटोन्यूरिया म्हणू लागले. जन्मतः मूल निरोगी दिसते आणि घोटाघोटाने पोटात जाणाऱ्या दुधातूनच घात होत राहतो. १९५०च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये दुसरी एक आई डॉ. हॉर्स्ट बिकेल यांच्या मागेच लागली, की नुसते निदान काय कामाचे, उपाय सांगा. तेव्हा तो घटक काढलेला आहार तयार झाला. १९६०च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांची चाचणी आली. तान्ह्या बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब कागदावर टिपायचे, बस्स. पहिल्या काही दिवसांतच आहार सुरू झाला तर मूल चारचौघांसारखे वाढते.

कॅरोलला हाच विकार होता, हे ती चाळिशीत आल्यावर उलगडले. म्हणजे शेजाऱ्यांनी धीर दिला नसता, पर्ल पहिल्याच वर्षी मेयोत पोहोचली असती, तरी १९२१ साली तिच्या हाती काही लागले नसते. गमावलेल्या वर्षांचा दोष तिचा नव्हता. आमचा असता. आपल्याकडे लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ऐकणे, बोलणे, चालणे यांतला उशीर तपासतात. मला निवृत्त होऊनही याचा पत्ता नव्हता, सूनबाईला होता.

पर्ल १९७३ साली गेली. कॅरोल व्हाइनलँडलाच राहिली. तिला संगीताचे विलक्षण वेड होते, आपल्याला हवी ती तबकडी ती बरोबर निवडून लावी. आईनंतर ती एकोणीस वर्षे जगली.