येडशीच्या रेल्वे ठेकेदाराने इंग्रजांच्या जहाज कंपनीशी टक्कर घेतली तेव्हा…

हसनाबाद : ५ एप्रिल म्हणजे राष्ट्रीय सागरी दिन. आपल्या भोकरदन तालुक्यातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, मग आपल्याला त्याचं काय? पण बाजारात एकच मोठा व्यापारी उरला की भाव कोण ठरवतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. वालचंद हिराचंद यांची गोष्ट त्याचीच आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरात व्यापार आणि सावकारी. पोराचं मन मात्र गादीवर रमेना. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांना जोडीला घेऊन त्यांनी बार्शी लाईट रेल्वेचं येडशी भागातलं काम घेतलं. म्हणजे सुरुवात आपल्या मराठवाड्यातूनच झाली म्हणा ना. पुढे बोरघाटातले बोगदेही केले.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीला आहे असं कळलं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना सोबत घेऊन ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला जहाज मुंबईहून लंडनला निघालं.

खरी लढाई यानंतर. किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीवर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचा कब्जा होता. नवी कंपनी आली की भाडं एकदम पाडायचं, ती बुडाली की पुन्हा वाढवायचं, ही त्यांची रीत. तमिळनाडूत चिदंबरम पिल्लै यांची स्वदेशी जहाज कंपनी अशीच गारद झाली होती. दुसरी युक्ती आणखी चलाख. भाड्यातली काही रक्कम सूट म्हणून परत मिळायची, पण लगेच नाही. ती महिनोन्‌महिने कंपनीकडेच अडकलेली. मधे दुसऱ्याच्या जहाजातून माल पाठवला की आधीची सूट बुडाली! व्यापारी बांधलाच गेला. अमेरिकेत रॉकफेलर यांनीही रेल्वेकडून गुपचूप सूट मिळवत छोटे तेलवाले संपवले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये त्यांच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करायला लावले. इथे मात्र सरकारच इंग्रजांचं, दाद मागणार कुणाकडे?

सिंदियाला तोटा होत गेला. कंपनी विकत घ्यायचीही बोलणी आली, ती वालचंद यांनी धुडकावली. पण १९२३ मध्ये करार करावाच लागला. दहा वर्षं जहाजांवर मर्यादा, प्रवासी वाहतूक बंद. काहींना ही माघार वाटली. आमच्या मते ती शहाणपणाची होती, कारण कंपनी जगली. ‘लॉयल्टी’ जहाज त्याच वर्षी भंगारात गेलं.

नंतर वालचंदनगर आणि रावळगावचे साखर कारखाने, १९४० मध्ये बंगळुरूचा विमान कारखाना, १९४४ मध्ये प्रीमियर मोटारी. यातही एक गंमत आहे. पुढे परवाना राज्यात देशात मोटार कंपन्या दोन-तीनच उरल्या आणि प्रीमियरच्या गाडीसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं.

१९४१ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. तिथलं पहिलं जहाज ‘जलउषा’ मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे वालचंद वारले.