शीतयुद्धात मैत्री पेरणारा शेतकरी

२३ सप्टेंबर १९५९. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील कून रॅपिड्स या छोट्या गावाकडे त्या दिवशी साऱ्या जगाचे लक्ष लागले होते. सोव्हिएत संघाचे सर्वेसर्वा निकिता क्रुश्चेव्ह आणि त्यांच्या पत्नी नीना तेथे एका शेतकऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून आले होते. दोन महासत्ता अण्वस्त्रे रोखून उभ्या असताना शत्रुराष्ट्राच्या नेत्याचे आतिथ्य करणारे हे शेतकरी म्हणजे रॉझवेल गार्स्ट.

१८९८ मध्ये जन्मलेल्या गार्स्ट यांच्या वडिलांचे कून रॅपिड्समध्ये दुकान होते. रॉझवेल यांनी काही वर्षे दे मॉइन शहरात जमीनजुमल्याचा व्यवसाय केला. तेथे त्यांचा हेन्री वॉलेस यांच्याशी स्नेह जुळला. पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले वॉलेस तेव्हा संकरित मक्याच्या प्रसारात गढले होते. १९३० मध्ये गार्स्ट पत्नी एलिझाबेथसह गावी परतले आणि चार्ल्स थॉमस यांच्या भागीदारीत संकरित बियाणे तयार करू लागले. ऐन महामंदीत महाग बियाणे घेणार कोण? गार्स्ट यांनी ते शेतकऱ्यांना विनामूल्य दिले आणि वाढीव उत्पन्नातील निम्मा हिस्सा मोबदला म्हणून मागितला. पीकच त्यांची जाहिरात ठरले.

१९५५ मध्ये सोव्हिएत कृषी शिष्टमंडळ आयोवात आले. अधिकृत कार्यक्रमात गार्स्ट यांच्या शेताचा समावेश नव्हता; त्यांनी आग्रहाने शिष्टमंडळाच्या प्रमुखांना आपल्याकडे नेले. त्याच वर्षी ते स्वतः सोव्हिएत संघात गेले, क्रुश्चेव्हना भेटले आणि ५ हजार टन संकरित बियाण्याचा सौदा करून आले. व्यापारी म्हणून त्यात त्यांचा लाभ होताच. परंतु उपाशी राष्ट्राच्या हाती अण्वस्त्रे असणे साऱ्यांसाठीच घातक, अशीही त्यांची ठाम धारणा होती. साम्यवाद्यांना साहाय्य केल्याची टीका मायदेशी झाली, तरी ते डगमगले नाहीत. क्रुश्चेव्हना शेतावर येण्याचे निमंत्रण दिले ते एलिझाबेथ यांनी.

त्या भेटीच्या दिवशी वार्ताहर आणि छायाचित्रकारांच्या गर्दीने शेत तुडवले गेले. पाहुण्यांना काही दाखवणेच अशक्य झाले, तेव्हा संतापलेल्या गार्स्ट यांनी मुरघासाचे गोळे वार्ताहरांवर फेकले. क्रुश्चेव्हना हसू आवरेना.

क्रुश्चेव्ह यांची मका मोहीम मात्र फसली. उन्हाळा अल्प असलेल्या थंड प्रदेशांतही मक्याची सक्ती झाली. खते आणि यंत्रे पुरेशी नव्हती. नुसते बियाणे नेऊन आयोवाची शेती उभी राहत नाही, हे उघड झाले. १९६४ मध्ये क्रुश्चेव्ह पदच्युत झाले. अखंड बोलणाऱ्या गार्स्ट यांनाही याच दशकात घशाच्या कर्करोगामुळे स्वरयंत्र गमवावे लागले. तरीही त्यांचे काम थांबले नाही. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

कुटुंबाने मात्र हा वारसा जपला. व्यवसायाने बँकर असलेले भाचे जॉन क्रिस्टल पुढेही वारंवार सोव्हिएत संघात जात राहिले आणि गोर्बाचेव्ह यांच्यापर्यंत त्यांचा संवाद पोहोचला. गार्स्ट कुटुंबाने आपली विस्तीर्ण जमीन निसर्गसंवर्धनासाठी दान केली. २००९ मध्ये त्या भेटीची ५० वर्षे साजरी झाली, तेव्हा क्रुश्चेव्ह यांचे पुत्र सेर्गेई कून रॅपिड्सला आले होते. ज्या सोव्हिएत संघाशी गार्स्ट यांनी व्यवहार केला, तो १९९१ मध्येच लयाला गेला होता. दोन घरांमधील स्नेह मात्र टिकून होता.